नाव अमेरिकेचं, घडण जपानची, वरात आपली

प्रश्न : आमच्याकडे लग्नाच्या वरातीला बेंजो असतोच. परवा मोबाइलवर अमेरिकेतला बँजो पाहिला, तर तो डफाला दांडी जोडल्यासारखा गोल. आमचा बेंजो लांबट, त्याला टाइपरायटरसारखी बटणं. मग नाव एक कसं? आजोबा म्हणतात, त्यांच्या वरातीला सनई होती. या बाहेरच्या वाद्यांनी गाण्याचा सूर बिघडवला. खरंच का?
— एक वाचक, न्हावरे (ता. शिरूर)

उत्तर : टाइपरायटरची उपमा तुम्ही सहज दिली असेल, पण ती नेमकी आहे. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी हे वाद्य तयार केलं, ते टाइपरायटरच्या बटणांवरून सुचलं असं सांगतात. त्याच वर्षी जपानात तैशो राजवट सुरू झाली, म्हणून नाव पडलं तैशोगोतो. आपल्याकडे येऊन ते बुलबुल तरंग झालं आणि बोलण्यात बेंजो. तुम्ही पाहिलेला गोल, कातडी मढवलेला बँजो वेगळ्याच कुळातला. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी माणसांनी तो मायदेशातल्या वाद्यांच्या आठवणीतून घडवला. दोघांत साम्य आहे ते तारांचं आणि नावाचं. हेच जपानी वाद्य बलुचिस्तानात पोचलं, तिथे ते आकाराने वाढलं, ‘बेंजू’ झालं आणि तिथल्या लोकसंगीतात मानाने बसलं.

मुळात हे घरात बसून वाजवायचं, बारीक आवाजाचं वाद्य. वरातीत ते आलं विजेच्या जोरावर. तारांखाली चुंबकाचं पिकअप बसवलं, त्याची वायर अँप्लिफायरला जोडली, पुढे कर्णे लावले, की तोच बारीक आवाज ढोल-ताशाच्या गजरावरून पलीकडच्या आळीत ऐकू जातो.

आता आजोबांचं म्हणणं. त्यांचा कान खरा आहे. सनईवाला फुंकेने आणि बोटांनी एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, म्हणजे मींड घेतो, आणि श्वास पुरेल तोवर सूर धरून ठेवतो. बेंजोवर बटण दाबलं की ते तारेला एका ठरलेल्या जागीच टेकवतं. दोन बटणांच्या मधल्या जागेवर थांबता येत नाही, म्हणजे मींड गेली. शिवाय छेडलेली तार लगेच विझते. म्हणून बेंजोवाला लांब सुराच्या जागी उजव्या हाताने भराभर आघात करतो आणि सुराचे दाणे पाडतो. गाणं तेच, पण त्याचं अंग बदललं. सनईवर जे गाणं डोळे मिटून ऐकावंसं वाटतं, ते बेंजोवर पाय उचलायला लावतं. काही गमावलं, हे मी मान्य करतो. बिघडलं म्हणायला मात्र माझी जीभ वळत नाही.

कारण असा बदल आपण आधीही पचवला आहे. गावच्या भजनातली पेटी घ्या. हार्मोनियम 1840च्या सुमाराला पॅरिसमध्ये घडली, खुर्चीवर बसून पायाने भाता मारत दोन्ही हातांनी वाजवायची. एकाच वेळी अनेक सूर मिळवून वाजवायचे, हेच तिचं काम. आपण मांडी घालून बसणारी माणसं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे घेऊन हाताने हलवता येईल अशी पेटी बनवली आणि ती देशभर गेली. एक हात भात्यात गुंतला, उरलेल्या हाताने एका वेळी एकच चाल वाजू लागली. जमिनीवर बसताना पेटीने युरोपातलं आपलं मुख्य कामच सोडलं आणि गवयाच्या मागे चालायला शिकली. पेटीतही मींड नाही. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती. तरी आज पेटीशिवाय भजनाला कुणी बसत नाही.

बदलतो तो नुसता सूर नाही, गाण्याची लांबीही. तुमच्याच रस्त्याने भीमा ओलांडून दौंड तालुक्यात चौफुल्याला आलात, तर तिथल्या कला केंद्रांत संगीत बारीची, म्हणजे लावणीची, बैठक असते. पेटी, तबला, ढोलकी. फर्माईश झाली की तिथे सिनेमातलंही गाणं होतं. सिनेमातलं गाणं तीनेक मिनिटांचं, कारण जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. तबकड्या गेल्या तरी ते माप बराच काळ टिकून राहिलं. बैठकीत ते माप सुटतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवत, दर वेळी वेगळी अदा दाखवत गाणारी बाई ते गाणं लावणीच्या चालीने लांबवत नेते. वरातीत उलटं होतं : बेंजोवाला गाण्याचा मुखडा उचलतो, अंतरा सोडतो आणि दुसऱ्या गाण्यात शिरतो. एकच गाणं चौफुल्याला लांबतं, न्हावऱ्याला तुटतं. दोन्ही ठिकाणी समोरच्या माणसांनी त्याची लांबी ठरवलेली असते.

मला काळजी वाटते ती डीजेची. ऑक्टोपॅड हे विजेवरचं तालवाद्य आलं तेव्हा वाटली नव्हती. तोही जपानचाच, रोलँड कंपनीने 1985 साली आणलेला, पण त्याच्यावर कुणाचे तरी हात चालतात. बेंजोवाल्याचं लक्ष नाचणाऱ्यांच्या पायांकडे असतं. नवरदेवाचा मामा दमला की तो चाल उतरवतो, पोरं पुढे सरसावली की चढवतो. आधीच ध्वनिमुद्रित होऊन आलेल्या गाण्याला मामा दमलेला दिसत नाही.

आजोबांना त्यांच्या वरातीतली सनईची एखादी चाल गुणगुणता येत असेल, तर ती गावातल्या बेंजोवाल्याला ऐकवा आणि वाजवायला सांगा. मींड कुठे तुटते आणि त्या जागी तो काय भरतो, हे नीट ऐका. आजोबा काय म्हणाले, तेही मला कळवा.