परदेशातील कार्यानुभव आणि सोबत जाणारा शिक्षक

व्यावहारिक लेखनात अहवालाला असलेले महत्त्व तुम्हांला ठाऊक आहेच. प्रस्तुत घटकात आपण अशा एका अहवालाचा विचार करणार आहोत, ज्याच्या लेखकावर दुसऱ्यांच्या मुलांची जबाबदारी असते.

युरोपातील इरॅस्मस हा कार्यक्रम १९८७ मध्ये सुरू झाला, तो विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांसाठी १९९५ पासून लिओनार्दो दा विंची हा वेगळा कार्यक्रम होता. २०१४ मध्ये हे दोन्ही ‘इरॅस्मस प्लस’ या एका छत्राखाली आले. स्वयंपाक, सुतारकाम, मोटारदुरुस्ती वा रुग्णसेवा शिकणारे विद्यार्थी त्यातून दुसऱ्या देशातील कामाच्या ठिकाणी जातात. अल्प मुदतीचा कार्यानुभव साधारणतः १० ते ८९ दिवसांचा असतो, तर दीर्घ मुदतीचा ९० दिवसांपासून वर्षभरापर्यंतचा. यांतील काही विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. म्हणून सोबत जाणाऱ्या व्यक्तीच्या खर्चाचीही तरतूद केलेली आहे.

हा शिक्षक तेथे मालक नसतो आणि पालकही नसतो. काम शिकवणारा मार्गदर्शक तेथील आस्थापनेचाच असतो. मग शिक्षकाच्या हाती काय उरते? प्रस्थानापूर्वी झालेला लेखी शिक्षणकरार. कोणती कामे शिकवावयाची, देखरेख कोणाची, मूल्यमापन कसे, हे त्यात नमूद असते. समजा, पाककलेची एक विद्यार्थिनी दहा दिवस केवळ बटाटे सोलत आहे. स्वयंपाकघरातील उमेदवारी अशाच कामापासून सुरू होते, हे खरे. परंतु करारात सॉस आणि सूप यांचा उल्लेख असेल, तर अकराव्या दिवशी शिक्षकाने मुख्य आचाऱ्याकडे विचारणा केलीच पाहिजे. येथे संकोच हा सौजन्याचा भाग ठरत नाही. कामाच्या तासांबाबतही तसेच. युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्देशानुसार अठरा वर्षांखालील कामगारांसाठी सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तास आहे. हॉटेलचे स्वयंपाकघर रात्री उशिरापर्यंत चालते, तेव्हा ‘काल किती वाजता परतलीस?’ हा प्रश्न औपचारिक राहत नाही.

आजारपणासाठी युरोपीय आरोग्य विमा कार्ड उपयोगी पडते. मात्र रुग्णाला मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात येत नाही, त्यासाठी स्वतंत्र विमा लागतो.

आता भाषेकडे वळू. परक्या देशात मुले ‘सगळे ठीक आहे’ असे सांगतात, कारण घरी परत पाठवले जाण्याची भीती त्यांना असते. त्यामुळे ‘कसे चालले आहे?’ या प्रश्नातून फारसे निष्पन्न होत नाही. ‘आज जेवताना शेजारी कोण होते?’ असे विचारले, की एकटेपणा उत्तरातच दिसतो. अहवालातही हाच विवेक हवा. ‘विद्यार्थिनी रमली आहे’ हा अभिप्राय झाला. ‘तीन दिवस ती मधल्या सुट्टीत एकटीच बाहेर उभी होती’ ही नोंद झाली. पहिल्या वाक्याने शिक्षकाचे समाधान होते, दुसऱ्यावर संस्थेला काही करता येते. (अनेक अहवाल पहिल्याच प्रकारच्या वाक्यांनी भरलेले असतात, कारण ते लवकर लिहून होतात.)

आपली प्रगती तपासा

वरील विद्यार्थिनीच्या संदर्भात मुख्य आचाऱ्याशी झालेल्या भेटीची नोंद आठ ओळींत लिहा. आचाऱ्याचे म्हणणे आणि तुमचा निष्कर्ष ही दोन्ही स्वतंत्र वाक्यांत ठेवा.