सांवरीच्या कापसास इंग्रजींत काय म्हणावें?

सकाळच्या शाळेच्या दिवसांत सांवरीचीं बोंडें उकलूं लागलीं म्हणजे पांढरे मऊ पुंजके वाऱ्यावर तरंगत थेट वर्गाच्या खिडकींतून आंत येतात. अशाच एका दिवशीं भाषांतराच्या तासाला आम्हीं 'झाडावरून कापूस उडत आहे' हें वाक्य इंग्रजींत करावयास दिलें. एका विद्यार्थ्यानें 'कॉटन' असें लिहिलें. आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली व एक गुण कापला. "मग बरोबर शब्द कोणता?" असें त्यानें नम्रपणें विचारलें, तेव्हां आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें शोधतांना जें हातीं आलें, तें येथें देत आहों.

प्रथम सुचला 'फ्लफ'. तो चुकीचा नव्हे. परंतु घोंगडीची लव, कोंबडीच्या पिलाचीं मऊ पिसें, खिशाच्या कोपऱ्यांत सांचलेले तंतु, या सर्वांस तो सारखाच लागतो. दुसरा 'डाउन'. हा मूळचा पक्ष्यांच्या कोंवळ्या पिसांचा शब्द. 'खालीं' या अर्थाच्या 'डाउन'शीं त्याचें नातें नाहीं. थिसल नांवाच्या कांटेरी झुडपाच्या उडत्या केसांस 'थिसलडाउन' म्हणतात. कोणीं 'कॅटकिन' सुचविला, पण तो सोडावा लागला. मांजराच्या पिलाच्या डच नांवावरून आलेला हा शब्द विलो, पॉप्लर इत्यादि वृक्षांच्या शेपटीसारख्या फुलोऱ्याचा आहे. त्यांतून पुढें सुटणाऱ्या कापसाचा नव्हे.

वनस्पतिशास्त्राकडे वळतांच मौज वाटली. एकदांडीसारख्या सूर्यफुलाच्या कुळांतील फळांवर जो केसांचा झुबका असतो, त्यास 'पॅपस' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आजोबा! आपलीं मुलें रुईच्या उडत्या बीस 'म्हातारी' म्हणतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. पांढरे केस पाहून दोन दूरच्या लोकांस वृद्धांचीच आठवण व्हावी, हा योग सुंदर आहे. तथापि रुईच्या म्हातारीस पॅपस म्हणतां येत नाहीं. पॅपस म्हणजे रूपांतर पावलेला पुष्पकोश. रुईचे केस बीवरच उगवतात, म्हणून त्यांस 'कोमा', म्हणजे केशसंभार, असें म्हणतात.

सांवरीचें आणखी निराळें आहे. खऱ्या कापसाचे तंतु बीच्या सालीवर येतात. सांवरीचे तंतु बोंडाच्या आंतल्या भिंतीवर वाढतात, व बिया त्यांत नुसत्या गुरफटलेल्या असतात. पक्कें बोंड उकलून पाहिल्यास बी सहज सुटते. सरकीप्रमाणें तंतूंस चिकटून राहत नाहीं. हे तंतु गुळगुळीत असल्यामुळें एकमेकांस धरीत नाहींत, म्हणून त्यांचें सूत निघत नाहीं. उशा मात्र उत्तम होतात. ते आंतून पोकळ व मेणचट असल्यानें पाण्यांत लवकर भिजत नाहींत. म्हणूनच पांढऱ्या सांवरीचे असेच तंतु पूर्वीं बुडत्यास तारणाऱ्या जाकिटांत भरीत असत. त्यांस व्यापारांत 'केपॉक' म्हणतात. आपल्या तांबड्या सांवरीच्या कापसास 'इंडियन केपॉक' असें नांव आहे. हा शब्द ऐकून आम्हांस आपला 'कापूस'च आठवला होता. पण तो मलायी 'कापुक' या शब्दापासून आला. आपल्या 'कर्पास' शब्दापासून त्या भाषेंत झाला तो 'कापास' निराळा, व तो खऱ्या कापसाचा वाचक आहे. साध्या लिखाणांत रेशमी तंतूंसाठीं 'फ्लॉस' शोभतो.

परंतु शोधाच्या शेवटीं आम्हांसच खालीं पाहावें लागलें. इंग्रज लोक सांवरीस 'सिल्क-कॉटन ट्री' म्हणतात. अमेरिकेंत पॉप्लरच्या कांहीं जातींस 'कॉटनवुड' नांव आहे, आणि उन्हाळ्याच्या आरंभीं त्यांच्या मादी-झाडांवरून जो पांढरा पिंजर उडतो, त्यास तेथील लोक सरळ 'कॉटन'च म्हणतात. म्हणजे आमच्या विद्यार्थ्यानें योजिलेला शब्द त्या भाषेच्या माणसांनींही योजिलेला होता.

दुसऱ्या दिवशीं त्याची वही मागवून घेऊन आम्हीं ती तांबडी रेघ खोडली व कापलेला गुण परत दिला. समासांत मात्र 'सिल्क' हा एक शब्द जोडावा, असा शेरा लिहिला.