शनिवार-रविवारचा रंगमंच

प्रस्तावना

आठवडाभर काम करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात सुट्टीच्या दिवसाला मोठे मोल असते. विश्रांती, घरची कामे, नातलगांच्या भेटी हे सारे त्या एका दिवसात बसवावे लागते. तरीही गेली शंभराहून अधिक वर्षे मराठी माणसाने याच दिवसातले तीन तास नाटकासाठी राखून ठेवले आहेत. शनिवारी व रविवारी मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत नाट्यगृहांचे दरवाजे उघडतात. कुठे नव्या नाटकाचा शुभारंभ होतो, कुठे शंभरावा प्रयोग साजरा होतो, तर कुठे एखादे नाटक कोणालाही न सांगता थांबते.

नाटक उघडते कसे आणि बंद होते कसे? नाट्यगृहच बंद झाले तर कोणाचे नुकसान होते? या पाठात आपण या प्रश्नांचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• साप्ताहिक सुट्टी आणि नाटक यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• व्यावसायिक नाटकाचा प्रयोग कसा ठरतो, हे सांगता येईल;
• नाटके थांबण्याची वेगवेगळी कारणे उदाहरणांसह लिहिता येतील;
• नाट्यगृह बंद होण्याच्या परिणामांविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

१. कारखाना, सुट्टी आणि नाटक

चंदीगड शहरात इंडस्ट्रियल एरिया नावाचा भाग आहे. ल कोर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने शहराची आखणी करताना कारखान्यांना निवासी सेक्टरांपासून दूर, एका बाजूस जागा दिली व मध्ये झाडांचा पट्टा राखला. शहराचे प्रमुख नाट्यगृह, आदित्य प्रकाश यांनी आखलेले टागोर थिएटर, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी म्हणजे १९६१ साली उभे राहिले ते सेक्टर १८ मध्ये. म्हणजे येथे काम एका ठिकाणी आणि रंगमंच दुसऱ्या ठिकाणी. कारखान्यातल्या कामगाराला नाटक पाहायचे, तर सुट्टी हवी आणि वाटही चालायला हवी.

मुंबईच्या गिरणगावात चित्र निराळे होते. तेथे गिरणी, चाळ आणि रंगमंच एकमेकांना खेटून होते. परंतु आधी सुट्टी मिळवावी लागली. एकोणिसाव्या शतकात गिरणीकामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभारली व या मागणीसाठी चिकाटीने लढा दिला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारच्या सुट्टीस मान्यता दिली. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीचा समावेश झाला.

या सुट्टीमुळे कामगाराला एक मोकळी रात्र मिळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंग्याला उठायचे नसेल, तरच माणूस आदल्या रात्री निश्चिंतपणे नाटकाला बसू शकतो. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळ येथे १९२२ साली दामोदर नाट्यगृह उभारले. ही वास्तू केवळ मनोरंजनाची नव्हती. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी बैठक बोलावली, ती याच दामोदर सभागृहात. तो दिवसही रविवारच होता. दिवसा सभा आणि रात्री नाटक, असे कामगारांच्या सुट्टीचे दोन्ही उपयोग या एका छपराखाली झाले.

२. तारीख, जाहिरात आणि तिसरी घंटा

लंडनमध्ये एखादे नाटक एकाच नाट्यगृहात मुक्काम ठोकते. ‘द माउसट्रॅप’ हे नाटक तेथे २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झाले. मार्च २०२० मध्ये महासाथीने खंड पाडीपर्यंत त्याचे प्रयोग अखंड चालू होते. मे २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. अशा ठिकाणी नाटक उघडले व बंद झाले, या दोन्ही घटना ठळकपणे दिसतात.

मराठी नाटकाची रीत वेगळी आहे. येथे नाटकाला स्वतःचे घर नसते. ते प्रत्येक प्रयोगासाठी नाट्यगृह भाड्याने घेते. शनिवारी रात्री पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर, रविवारी दुपारी ठाण्याचे गडकरी रंगायतन, पुढच्या आठवड्यात दादरचे शिवाजी मंदिर, असा त्याचा प्रवास चालतो. त्यामुळे निर्मात्याची पहिली चिंता असते ती तारखांची. नाट्यगृहे काही महिन्यांच्या तारखा एकदम वाटून देतात. मंगळवार-बुधवारच्या तारखा सहज मिळतात, पण शनिवार-रविवारसाठी चढाओढ लागते. लग्नसराई, परीक्षा, क्रिकेटचा सामना, मुसळधार पाऊस यांचा हिशेबही मनात ठेवावा लागतो.

तारीख मिळाली की वर्तमानपत्रात जाहिरात येते, तिकीटविक्री सुरू होते. खिडकीवरच्या आसनांच्या नकाशात किती खुणा झाल्या, यावरून व्यवस्थापकाला प्रयोगाचे भवितव्य कळते. पूर्वी ही खूण पेन्सिलीने होई, आता ती पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावर होते. काळजी मात्र तीच असते. प्रयोगाच्या दिवशी नेपथ्याचे सामान आणि कलावंतांची बस येते. रंगमंच कामगार दोन-तीन तासांत भिंती, दारे, जिना उभा करतात. पहिली घंटा, दुसरी घंटा आणि तिसरी घंटा झाली की पडदा उघडतो. प्रयोग संपल्यावर हेच घर पुन्हा मोडून गाडीत भरले जाते. प्रेक्षक घरी पोहोचतो, तेव्हा पडद्यामागची माणसे कदाचित दुसऱ्या शहराच्या वाटेवर असतात. इतरांची सुट्टी ती त्यांची कामाची पाळी, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

पाठगत प्रश्न १

(अ) गिरणीमालकांनी रविवारच्या सुट्टीस केव्हा मान्यता दिली?
(आ) ‘मराठी नाटकाला स्वतःचे घर नसते’, याचा अर्थ एका वाक्यात लिहा.
(इ) शनिवार-रविवारच्या तारखांसाठी चढाओढ का लागते?

३. शुभारंभ

मराठी रंगभूमीच्या इतिहासातील काही शुभारंभ सर्वांच्या स्मरणात आहेत. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले. तो दिवस आजही रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. ‘कट्यार काळजात घुसली’ २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगमंचावर आले. या तिन्ही तारखांना रविवार होता. मात्र प्रत्येक शुभारंभ सुट्टीलाच झाला, असे नाही. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत झाला, तो दिवस बुधवार होता. चांगले नाटक आपला वार स्वतः घडवते, असेच म्हणावे लागेल.

शुभारंभाचा दिवस नटाची कसोटी पाहतो. १२ मार्च १९११ रोजी, रविवारी, मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नायिकेची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले. प्रयोग रद्द झाला असता, तर कोणी दोष दिला नसता. परंतु बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले आणि प्रयोग झाला. या घटनेकडे केवळ कौतुकाने पाहू नये. जाहीर झालेला प्रयोग हा प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो आणि तो पाळण्याची किंमत कधी कधी फार मोठी असते, हे तिच्यातून कळते.

४. नाटक कसे थांबते

शुभारंभाची जाहिरात मोठ्या अक्षरांत येते. नाटक थांबते ते मात्र बहुधा निःशब्दपणे. एका आठवड्यात चार प्रयोग, मग दोन, मग एक आणि मग एका शनिवारी जाहिरातींच्या पानावर त्याचे नावच दिसत नाही. प्रेक्षक घटले, कलावंत दुसऱ्या कामात गुंतले किंवा भाडे व प्रवासखर्च परवडेनासा झाला, ही त्याची नेहमीची कारणे.

काही नाटके मात्र प्रेक्षक असूनही थांबली. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली रंगमंचावर आले. तेरा प्रयोगांनंतर परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपांमुळे ते बंद पडले. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने नाटकाची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी १६ डिसेंबरला, शनिवारी, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. वाद उसळला आणि एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने ते थांबवले. तेव्हा त्यातील कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी ही नवी संस्था काढली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे केले. पुढे ते परदेशातही गाजले. म्हणजे थांबलेले प्रत्येक नाटक संपलेले नसते. त्यामागे उभी राहणारी माणसे असतील, तर पडदा पुन्हा वर जातो.

पाठगत प्रश्न २

(अ) ‘संगीत शाकुंतल’ व ‘नटसम्राट’ यांचे पहिले प्रयोग कोणत्या वारी झाले?
(आ) ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ ही नाटके थांबण्याच्या कारणांत कोणता फरक आहे?

५. नाट्यगृह बंद होते तेव्हा

एक नाटक थांबले, तर दुसरे येते. नाट्यगृह बंद पडले, तर येऊ पाहणाऱ्या अनेक नाटकांची जागाच नाहीशी होते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे सगळी नाट्यगृहे एकदम बंद झाली. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर २०२० पासून, म्हणजे नेमक्या रंगभूमी दिनी, निम्म्या आसनक्षमतेने ती उघडण्यास परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडली. प्रयोगागणिक मोबदला घेणाऱ्या रंगमंच कामगारांसाठी हा काळ फार कठीण होता. प्रेक्षक मात्र परतले. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी, रविवारी, प्रशांत दामले यांनी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात आपल्या कारकिर्दीतील १२,५०० वा नाट्यप्रयोग केला.

गिरणगावाची हानी अधिक खोल होती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद झाल्या. कामगार पांगले. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आणि चित्रपटगृहे आली. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातही २०१३ मध्ये एलांते हा भव्य मॉल सुरू झाला आणि त्यात मल्टिप्लेक्स आले. सुट्टीची संध्याकाळ तीच राहिली. ती घालवण्याची ठिकाणे आणि त्यांचे दर बदलले. नोव्हेंबर २०२३ मध्ये दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी विरोध दर्शवला, तो केवळ जुन्या भिंतींच्या प्रेमाने नव्हे. संस्थेला शाळेसाठी नवी इमारत हवी होती, आणि तीही लोकांचीच गरज होती. पण कामगारवस्तीच्या मध्यभागी असलेला रंगमंच एकदा गेला, तर तो तेथेच आणि सामान्यांना परवडेल असा परत मिळेल का, हा रंगकर्मींचा प्रश्न होता.

काही वेळा काळ एका रात्रीत घाला घालतो. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळी, १९१५ साली, पॅलेस थिएटर उभे राहिले. पुढे त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत भस्मसात झाले. जळत्या वास्तूसमोर कलावंत व रसिक अश्रू ढाळत उभे होते.

मात्र बंद झालेले दार उघडूही शकते. मुंबईतील रवींद्र नाट्य मंदिर नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा खुले झाले. नाट्यगृह टिकवण्यासाठी शासन, नगरपालिका व संस्था यांची जबाबदारी आहेच; पण शेवटी ते टिकते सुट्टीच्या दिवशी तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकामुळे. लोखंड्यांच्या पिढीने कामगाराला एक मोकळा दिवस मिळवून दिला. त्या दिवशी आपण कोठे जातो, यावर कोणते दार उघडे राहणार हे ठरते.

आपण काय शिकलात

• साप्ताहिक सुट्टी ही कामगारांनी लढून मिळवली. तिच्यामुळे श्रमिकांना नाटकाकडे वळता आले.
• मराठी नाटक एका नाट्यगृहात न राहता शहरोशहरी फिरते. म्हणून तारखांना महत्त्व येते.
• नाटक आर्थिक कारणांनी, आक्षेपांनी किंवा वादाने थांबते. ते पुन्हा सुरूही होऊ शकते.
• नाट्यगृह बंद होणे म्हणजे एका वस्तीने आपले सांस्कृतिक केंद्र गमावणे होय.

शब्दार्थ

शुभारंभ – पहिला प्रयोग. नेपथ्य – रंगमंचावरील देखाव्याची रचना. परिनिरीक्षण – प्रयोगापूर्वी संहितेची शासकीय तपासणी. भोंगा – गिरणीची पाळी सुरू झाल्याची सूचना देणारा कर्कश आवाज. भस्मसात होणे – जळून राख होणे.

पाठान्त प्रश्न

१. ‘इतरांची सुट्टी ती त्यांची कामाची पाळी’, हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘जाहीर झालेला प्रयोग हा प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो’, या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? कारणे द्या.
३. नाट्यगृहाच्या जागी शाळा बांधावी की नाट्यगृह राखावे, असा प्रश्न तुमच्या गावात उभा राहिला, तर तुम्ही कोणती भूमिका घ्याल? दहा-बारा ओळींत लिहा.
४. उपक्रम : तुमच्या शहरातील नाट्यगृहात किंवा सभागृहात येत्या चार आठवड्यांत शनिवारी व रविवारी कोणते कार्यक्रम आहेत, याची नोंद करा. घरातील वडीलधाऱ्यांना, ते सुट्टीच्या दिवशी कोठे जात असत हे विचारा आणि दोन्हींची तुलना करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १० जून १८९० रोजी. (आ) नाटक एका नाट्यगृहात मुक्कामी नसते, प्रत्येक प्रयोगासाठी नाट्यगृह भाड्याने घेते. (इ) नोकरदार व कामगार प्रेक्षकांना त्या दिवशी सुट्टी असल्याने गर्दी होण्याची शक्यता अधिक असते.
२. (अ) अनुक्रमे रविवारी व बुधवारी. (आ) पहिले परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपांमुळे बंद पडले. दुसरे वादानंतर सादर करणाऱ्या संस्थेनेच थांबवले.