कुंभार्ली घाट उतरताना

चि. बाळ यास,

अक्काचे पत्र परवा पोचले. घरच्या कुशलानंतर, जणू सहज आठवले म्हणून, तिने लिहिले आहे की गाडीचे हेड या वर्षात तिसऱ्यांदा उतरवावे लागले, पुन्हा पुशरॉड वाकल्या, पुन्हा रॉकर मोडला, आणि खर्चाची तजवीज करण्यासाठी तू पतपेढीत खेटे घालतो आहेस. एवढ्यावर मी स्वस्थ राहिलो असतो. परंतु त्याच संध्याकाळी कराडहून आलेल्या एका परिचिताने, चिपळूणकडे साखर घेऊन उतरताना तू कुंभार्ली घाटात गाडी न्यूट्रलवर सोडतोस असे कानी आल्याचे सांगितले, आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. वार्ता खोटी असेल तर मला आनंदच आहे. मात्र ती खोटी आहे हे तुझ्या हस्ताक्षरात मला हवे आहे.

आधी इंजिनाचे पाहू. तुझ्या तीर्थरूपांनी निगुतीने सांभाळलेले ते 697, सहा सिलिंडरांचे आणि 97 मिलिमीटर व्यासाचे, मूळ बेंझच्या घडणीचे दणकट इंजिन आहे. त्यातील व्हॉल्व्हची यंत्रणा विनाकारण वर्षातून तीनदा मोडत नाही. दर खेपेस तू मोडलेला भाग बदललास आणि मोडण्याचे कारण जागच्या जागी राहू दिलेस. अशा वेळी पहिली चौकशी करावी ती ही की, मोडले कोणत्या सिलिंडरचे. एकाच सिलिंडरचे पुन्हा पुन्हा मोडत असेल तर कसूर त्याच्यापाशी शोधावी: गाईड घट्ट असेल, दांडीवर काजळी व चिकटा साचून व्हॉल्व्ह अडकत असेल, आणि तो वरून हलेनासा झाला असता खालून कॅम रेटत राहतो म्हणून मधल्यामधे पुशरॉड वाकत असेल. परंतु तुझ्या मिस्त्रीकडून मी फोनवर खुलासा मागवला, तेव्हा तो म्हणाला की पहिल्यांदा तिसरा, मग पाचवा, आणि या खेपेस दुसरा व सहावा असे दोन एकदम. दोष असा ठिकाणे बदलत असेल तर कारण सहाही सिलिंडरांना समाईक असले पाहिजे.

समाईक कारणे फार नाहीत. रॉकरला तेल पोचत नसेल, तर शाफ्ट काढून तिची खालची बाजू नखाने चाचपून पाहा. रॉकरची दोन्ही टोके वर रेटली जात असल्यामुळे झीज खालीच पडते, आणि वरून शाफ्ट आरशासारखी दिसत असता खाली नख अडेल एवढी पायरी सापडते. हेड वरचेवर घासून घेतले असेल, तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. सीट पुन्हा खोल बसवली होती की नाही हे मिस्त्रीला विचार. टॅपेट थंड इंजिनावर इनलेटला आठ थाउ व एक्झॉस्टला बारा थाउ ठेवतात हे तुला ठाऊक आहे. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलत असता पहिल्याचे लावावे, पाचव्याचे झुलत असता दुसऱ्याचे, बेरीज नेहमी सात, हे तर तुझ्या बाबांनी तुला शाळेत घालण्यापूर्वी पाठ करून घेतले होते.

तिसरे कारण मात्र इंजिनात नाही, आणि लिहिताना माझा हात जड होतो. गव्हर्नर डिझेल आवरतो, उतार आवरत नाही. न्यूट्रलवर सुटलेली भरली गाडी वळणापाशी आवरेनाशी झाली की माणूस घाबरून खालचा गिअर कोंबतो, मग चाकेच इंजिनाला फिरवू लागतात, मर्यादेबाहेरच्या त्या वेगात स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेवर मिटवता येत नाही आणि वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो. असे झाले असेल तर पिस्टनच्या माथ्यावरील काजळीत चंद्रकोरीसारखी स्वच्छ खूण उमटलेली असेल. हेड अद्याप बसवले नसेल तर काहीही न धुता आधी ती खूण पाहा.

दापोडीच्या कारखान्यात माझे उस्ताद धुतलेला सुटा भाग हातातच घेत नसत. साक्षीदाराचे तोंड धुऊन टाकून जबाब कसला घेता, असे म्हणत. त्यांच्याजवळ आणखी काही वर्षे बसायला मिळते तर किती शिकलो असतो! तरुणपणी दप्तरातली बढती मोठी वाटली, मी तिकडे गेलो, आणि पुढे ते निवृत्त होऊन गावी गेले. ती हुरहूर अजून जात नाही.

पुन्हा तेच विचारतो, रागावू नकोस: तू न्यूट्रल करतोस का? एका उतारावर वाचते ते डिझेल किती, आणि ब्रेकसाठी हवा भरणारा कंप्रेसर त्याच इंजिनावर चालतो हे तू विसरलास कसा? ज्या गिअरमध्ये भरली गाडी चढेल त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, ही ताकीद तुझे बाबा क्लीनरपासून सर्वांना देत.

कठोर लिहिले गेले. कर्जाचा हप्ता, अक्काचे औषधपाणी, धाकटीचे शिक्षण हे सारे तुझ्या एकट्याच्या खांद्यावर आहे, आणि चार पैसे वाचवण्यासाठीच तू हे करत असशील, हे मला कळत नाही असे समजू नकोस. या खेपेच्या दुरुस्तीचा खर्च माझ्याकडे. पतपेढीत पुन्हा जाऊ नकोस, आणि हे अक्काला सांगायचे कारण नाही. चार दिवस हेड उघडेच राहू दे. मी रविवारच्या एसटीने येतो, दोघे मिळून पाहू. मामीने तुझ्यासाठी डिंकाचे लाडू केले आहेत तेही आणतो. तोवर दुसऱ्या कोणाची गाडी घाटात न्यावी लागलीच, तर खाली पोचल्यावर मला फोन कर, कितीही रात्र झाली तरी.

तुझा,
मामा