थांबविलेली अणुभट्टी पुन्हां सुरू होण्यास विलंब कां लागतो?

तारापूरचीं जुनीं विजेचीं यंत्रें इतकीं वर्षें बंद कां राहिलीं, सरकारला वीज नको आहे काय, असा प्रश्न आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत चावडीवर किंवा जिनाच्या फाटकाशीं कापूस घेऊन बसलेल्या मंडळींत ऐकूं येतो. प्रश्न रास्त आहे. ज्याला गव्हाचें पाणी रात्रीं दोन वाजतां द्यावें लागतें व विहिरीच्या वाटेवर सापविंचवाचें भय सोसावें लागतें, त्याच्या डोळ्यांत बंद पडलेला विजेचा प्रत्येक कारखाना खुपणारच. परंतु "सरकारी कारभार" एवढ्या दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळें होण्याचा जो प्रघात पडला आहे तो मला मान्य नाहीं. विलंब हा एका जातीचा नसतो. त्याच्या जाती निराळ्या केल्याशिवाय दोष कोणाच्या पदरीं घालावा हें कळत नाहीं, आणि तेंच काम प्रस्तुत लेखांत करावयाचें योजिलें आहे.

प्रथम हिशेब पाहूं. तारापूर येथील पहिलीं दोन यंत्रें प्रत्येकी १६० मेगावॅटचीं, म्हणजे दोन्ही मिळून ३२० मेगावॅट. त्या विजेचा वांटा महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांना मिळतो. पांच अश्वशक्तीच्या पंपास अदमासें पावणेचार किलोवॅट वीज धरली व वाटेंतील गळती सोडून दिली, तर ३२० मेगावॅटवर सुमारें ८५,००० पंप एका वेळीं चालतील. आंकडा मोठा दिसतो खरा. पण राज्याची कमाल मागणी २५,००० मेगावॅटच्या वर गेलेली आहे. तिच्यापुढें हीं दोन यंत्रें म्हणजे शेंकडा दीडदेखील नव्हेत. आपल्या शेजारच्या चंद्रपूरचें औष्णिक केंद्र एकटें २,९२० मेगावॅटचें आहे. सबब तारापूर सुरू झालें कीं रात्रीची पाळी सुटेल असें जर कोणी सभेंत सांगूं लागला, तर त्याचें बोलणें हिशेबाला धरून नाहीं एवढें समजावें. मात्र दगडी कोळशाचें ओझें काय असतें हें वणी तालुक्यांतील शेतकऱ्यांस सांगणें नको. खाणीच्या रस्त्यालगतची काळवंडलेली पऱ्हाटी त्यांच्या रोजच्या पाहण्यांतली आहे. त्यामुळें कोळसा न जाळतां रात्रंदिवस एकसारखी वीज देणाऱ्या साधनाकडे ते आशेनें पाहतात, यांत नवल नाहीं.

आतां भट्टी चालते कशी तें थोडक्यांत सांगतों. जुन्या जिनिंग कारखान्यांत बॉयलर असे. लांकूड किंवा कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची व वाफेनें यंत्र फिरवावयाचें. अणुभट्टींतही शेवटीं वाफच आहे. भेद इतकाच कीं, येथें उष्णता जळणानें उत्पन्न न होतां युरेनियमचे अणु फुटून उत्पन्न होते. परंतु या एका भेदांतून दुसरा मोठा भेद निघतो. बॉयलरखालचा जाळ ओढून काढला कीं काम संपलें. अणुभट्टींत अणु फुटण्याची क्रिया क्षणांत थांबवितां येते. तरी फुटलेल्या अणूंचे जे अंश इंधनांत सांठलेले असतात ते पुढें कित्येक दिवस, महिने, किंबहुना वर्षें उष्णता देतच राहतात. भट्टी थांबवितांच ही शेष उष्णता पूर्ण उष्णतेच्या शेंकडा सहा-सात असते, तासाभरानें सुमारें दीड, आणि एका दिवसानें अर्ध्याच्या आसपास. टक्केवारी लहान वाटते. पण १६० मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टींतील मूळ उष्णता विजेच्या सुमारें तिप्पट असते. तिचा दीड टक्का म्हणजे पांच अश्वशक्तीचे अदमासें २,००० पंप चालविण्याइतकी शक्ति झाली. ती वाहून नेण्यासाठीं थांबलेल्या भट्टींतूनही पाणी फिरतें ठेवावें लागतें.

जपानांत ११ मार्च २०११ रोजीं नेमकें हेंच पाणी थांबलें. भूकंप होतांच फुकुशिमा येथील चालू भट्ट्या नियमाप्रमाणें आपोआप बंद झाल्या. सुमारें पाऊण तासानें समुद्राची लाट आली, पाणी फिरविणारीं डिझेलचीं यंत्रें बुडालीं, आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळलें. थांबलेल्या भट्ट्या वितळल्या ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तारापूरचीं जुनीं यंत्रें याच कुळांतील, म्हणजे पाणी भट्टींतच उकळविणारीं, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या धाटणीचीं आहेत. म्हणून जपानांतील अपघातानंतर आपल्याकडेही त्यांची फेरतपासणी झाली.

तारापूरचीं हीं यंत्रें २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं रीतसर चालू झालीं. त्यांच्या इतिहासांत विलंबाच्या दोन जाती स्पष्ट दिसतात. पहिली परराष्ट्रीय राजकारणाची. १९६३ सालच्या करारान्वयें इंधन अमेरिकेनें पुरवावयाचें होतें. १९७४ सालीं पोखरण येथें अणुस्फोट झाल्यावर अमेरिकेनें हात आंखडता घेतला व १९७८ सालीं तसा कायदाच केला. पुढें फ्रान्स, नंतर चीन व रशिया यांजकडून इंधन मिळालें. ज्या काळांत इंधनाची चणचण होती त्या काळचा दोष कोणत्याही तपासनिसाच्या माथीं मारतां येणार नाहीं. ही बियाणें वेळेवर न आल्यामुळें पडीत राहिलेल्या शेतासारखी स्थिति होय.

दुसरी जात जीर्णतेची. भट्टींतील पाणी पंपानें पुनःपुन्हां फिरविणारे जे जाड पोलादी नळ असतात त्यांना उष्णता, ताण व पाण्यांतील प्राणवायु यांच्या एकत्र परिणामानें आंतून बारीक तडे जातात. अशा बांधणीच्या भट्ट्यांचा हा जगभर माहीत असलेला रोग आहे. २०२० सालीं दोन्ही यंत्रें थांबविण्यांत आलीं व नळ बदलण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. विहिरीवरचा नळ बदलणें आणि हा नळ बदलणें यांत अंतर आहे. पन्नास वर्षें चाललेल्या भट्टीच्या पोटांत किरणोत्सर्ग मुरलेला असतो; कामगारानें तेथें किती वेळ थांबावें याला मर्यादा असते, म्हणून जें काम अन्यत्र एक माणूस दिवसभर करील तें तेथें पाळीपाळीनें अनेकांना करावें लागतें. जोडकामाच्या प्रत्येक सांध्याची परीक्षा निराळी. अशीं वर्षें मोजतांना तीं दुरुस्तीचीं कीं तपासणीचीं हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि सामान्य वाचकाला तो सुटत नाहीं. कारण तारीखवार हकीकत एके ठिकाणीं हातीं लागत नाहीं, वार्षिक अहवालांतून तुकड्या-तुकड्यांनीं वेंचावी लागते.

तपासणीच्या विलंबाचें शुद्ध उदाहरण पाहावयाचें तर तारापूरच्या उत्तरेस, सुरतेपलीकडील काकरापार येथें जावें लागेल. ११ मार्च २०१६ रोजीं तेथील पहिल्या भट्टींत इंधनाची एक नळी फुटून जड पाणी गळूं लागलें. भट्टी बंद केली. ती पुन्हां चालू झाली २०१९ सालीं. तीन वर्षें! पण नळी फुटली कां, हें आधीं ठरविणें भाग होतें. अशा ३०६ नळ्या एका भट्टींत असतात, आणि एकीस झालेला रोग दुसरीस नसेल असें कोणी छातीवर हात ठेवून सांगावें? नळीला बाहेरच्या अंगानें गंज लागला होता असें आढळलें. सगळ्या नळ्या बदलल्या आणि मग परवानगी मिळाली. कपाशीच्या एका झाडावर गुलाबी बोंडअळी दिसल्यावर तेवढेंच झाड उपटून घरीं जाणारा शेतकरी आपण शहाणा म्हणूं काय?

आतां तिसरी जात. मीं महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली, आणि अनुभवानें सांगतों कीं पुष्कळ प्रकरणांत विलंबाचा धनी स्वतः अर्जदार असतो व बोभाटा कचेरीच्या नांवानें होतो. जपानांत असेंच झालें. २०११ नंतर तेथील सर्व भट्ट्या क्रमाक्रमानें थांबल्या. सप्टेंबर २०१२ मध्यें नवें नियामक मंडळ स्थापन झालें, जुलै २०१३ मध्यें नवे कडक नियम लागू झाले, आणि त्या नियमांखालीं पहिली भट्टी सेंदाई येथें ऑगस्ट २०१५ मध्यें चालू झाली. दरम्यान परदेशी वायु व कोळसा विकत घेऊन जपानला वीज करावी लागली व लोकांचीं बिलें वाढलीं. हा तोटा खोटा नव्हे. काशिवाझाकी-कारिवा हें तेथील सात भट्ट्यांचें प्रचंड केंद्र. त्यांतील दोन भट्ट्यांना डिसेंबर २०१७ मध्यें मंजुरी मिळाली. पुढें निघालें काय, तर एक नोकर सोबत्याचें ओळखपत्र दाखवून मुख्य नियंत्रणकक्षांत शिरला होता, व परका माणूस आंत आल्यास सूचना देणारीं यंत्रें बिघडलेलीं असतांना तशींच राहूं दिलीं होतीं. २०२१ सालीं मंडळानें तेथें भट्टी चालविण्याची मनाई केली. ती डिसेंबर २०२३ मध्यें उठली. त्सुरुगा येथील प्रकरण याहून बोलकें आहे. तेथें भट्टीखालीं जमिनींतील जिवंत भेग आहे कीं नाहीं हा वाद होता. जमिनीला भोकें पाडून काढलेल्या नमुन्यांच्या नोंदी कंपनीनें मागाहून परस्पर बदलल्याचें २०२० सालीं उघड झालें, चौकशी थांबली, आणि अखेर नोव्हेंबर २०२४ मध्यें परवानगी नाकारण्यांत आली. सात-बाऱ्यावर खाडाखोड करून वर निकाल लवकर द्या म्हणणारे अर्जदार आपल्याकडेही पाहिले आहेत.

चौथी जात टेबलावरची. कागद पूर्ण आहे, हरकत नाहीं, तरी सही होत नाहीं. ही जात आहे, आणि ती नाहीं असें म्हणणारा सरकारी नोकर मला भेटावयाचा आहे. परंतु हिला ओळखण्याची युक्ति महसुली कामांत फार पूर्वीपासून आहे. तिचें नांव रोजनामा. प्रकरण कोणत्या तारखेस कोणाकडे गेलें, कोणत्या कारणास्तव पुढें ढकललें, हें त्यांत क्रमानें लिहिलेलें असतें. रोजनामा उघडला कीं दोन तारखांमधील कोरी जागा आपोआप बोलूं लागते. जपानच्या मंडळाच्या तपासणीच्या बैठका लोकांना पाहतां येतात व त्यांचीं टिपणें प्रसिद्ध होतात. म्हणूनच वर दिलेल्या गोष्टी आपल्याला इतक्या दुरून सांगतां आल्या. आपल्याकडे भट्टी थांबली म्हणजे तिचा असा चालू रोजनामा लोकांपुढें ठेवण्याची रीत पाडावी ही मागणी शेतकरी संघांनीं करण्याजोगी आहे. "लवकर चालू करा" यापेक्षां ती अधिक उपयोगी पडेल.

दुसरी मागणी तपासनिसाच्या जागेची. फेरफाराची पद्धति वाचकांस परिचित आहे. तलाठी गांव नमुना सहामध्यें नोंद घेतो, संबंधितांना नोटीस देतो, पंधरा दिवस हरकतीसाठीं ठेवतो. आणि नोंद प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी. जो लिहितो त्यानेंच मंजूर करावयाचें नाहीं, हें त्यांतील मर्म. अणुऊर्जेच्या कामीं हें मर्म बरींच वर्षें अर्धवट पाळलें गेलें. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजीं सरकारी आदेशानें स्थापन झालें व तें अणुऊर्जा आयोगाला जबाबदार होतें. भट्ट्या चालविणारें खातेंही त्याच आयोगाच्या छायेखालचें. भारताच्या महालेखापरीक्षकांनीं २०१२ सालच्या अहवालांत या दुबळ्या स्थितीवर बोट ठेविलें. स्वतंत्र प्राधिकरणाचें विधेयक २०११ सालीं संसदेंत आलें होतें, तें २०१४ सालीं लोकसभेची मुदत संपतांच बुडालें. शेवटीं डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें अणुऊर्जेचा नवा कायदा मंजूर केला. त्यानें मंडळास कायद्याचा पाया दिला व त्याबरोबरच खाजगी कंपन्यांना या धंद्यांत येण्याची वाट मोकळी केली. मालक वाढणार असतील तर मंडळ अधिकाऱ्याचा कणा ताठ असणें पूर्वीहून अगत्याचें आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तारापूर आपल्यापासून शेंकडों मैल दूर. तपासणी सैल झाली तर आपलें काय जाणार? या शंकेचें उत्तर फुकुशिमाच्या शेतकऱ्यांकडे आहे. अपघातानंतर त्या भागांत उघड्यावर पडलेला भाताचा पेंढा किरणोत्सर्गी द्रव्यानें माखला. तो जनावरांनीं खाल्ला, आणि जुलै २०११ मध्यें त्यांच्या मांसांत तें द्रव्य सांपडलें. केंद्राची भिंतही न पाहिलेल्या गोठ्यांतील तीं जनावरें होतीं. २०१२ पासून कित्येक वर्षें त्या प्रांतांतील तांदुळाचें प्रत्येक पोतें यंत्राखालून तपासून मगच बाजारांत जात असे. शेतांवरून वरची सुमारें पांच सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटें माती खरवडून काढावी लागली. एकराचा हिशेब केला तर ती २०० घनमीटर भरते. तीन घनमीटरची ट्रॉली धरल्यास सदुसष्ट खेपा. आणि ती माती कोणती? ज्या थरांत शेणखत मुरलेलें असतें, ज्याच्यासाठीं आपण उन्हाळ्यांत बांधबंदिस्ती करतों, तोच थर. अशी सुमारें १ कोटी ४० लाख घनमीटर माती व कचरा केंद्राभोवतीं ओकुमा व फुताबा या गांवांच्या हद्दींत सांठवून ठेवण्यांत आला. २०४५ पर्यंत तो प्रांताबाहेर नेण्याचें जपानी कायद्यानें ठरविलें आहे. पण २०२५ साल संपत आलें तरी तो घेण्यास दुसरा कोणताही प्रांत पुढें आलेला नव्हता. लोकांची भीति मोडावी म्हणून त्यांतील थोडी माती त्याच वर्षीं पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या बागेंत टाकून तीवर स्वच्छ मातीचा थर देण्यांत आला.