‘वृत्’ आणि ‘वृ’ : एका तकाराचा प्रश्न

मागे एका निवृत्त होणाऱ्या शिक्षकांचे मानपत्र छापखान्यात जाण्यापूर्वी माझ्याकडे वाचायला आले. त्यात ‘सेवानिवृत’ असे लिहिले होते. मी एक त वाढवला. मसुदा घेऊन आलेल्या तरुण शिक्षिकेने विचारले, “सर, ‘अनावृत’मध्ये एकच त चालतो, मग इथे दोन कशाला?” प्रश्न रास्त होता. ‘तसा नियम आहे’ एवढे सांगून भागणार नव्हते.

उत्तर धातूत आहे. ‘वृत्’ (वर्तते) म्हणजे फिरणे, वळणे, असणे, वागणे. ‘वृ’ म्हणजे झाकणे. दोन्हींना ‘त’ हा कृत्प्रत्यय लागतो. वृत् + त = वृत्त; वृ + त = वृत. पहिल्यात एक त धातूचा, एक प्रत्ययाचा. दुसऱ्यात फक्त प्रत्ययाचा.

म्हणून निवृत्त, प्रवृत्त, परावृत्त यांत दोन त. आवृत, अनावृत यांत एक. ‘धुक्याने आवृत डोंगर’ म्हणजे झाकलेला. ‘आवृत्त’ म्हणजे फिरून आलेला. पुस्तकाची ‘आवृत्ती’ त्याच घरची.

विद्यार्थ्यांना मी एक खूण सांगतो. शब्दाचे ‘वर्तन’ होते की ‘वरण’, ते पाहावे. परावर्तन, प्रवर्तन, आवर्तन अशी जोडी मिळाली, तर दोन त. आवरण, अनावरण मिळाले, तर एक. पुतळ्याचे अनावरण होते, म्हणून पुतळा अनावृत. सीमाभागातील मुलांना आणखी एक आधार आहे : कन्नडमध्येही ‘निवृत्त’ दोन तकारांनीच लिहितात.

‘वृत्’चा संसार केवळ तत्सम शब्दांपुरता नाही. प्राकृतात ‘र्त’चे कधी ‘त्त’ झाले, कधी ‘ट्ट’. पुढे मराठीत जोडाक्षर सुटले आणि आधीचा अ लांबून आ झाला. ‘वर्ति’ची वात झाली, ‘वर्त्मन्’ची वाट, ‘वर्तुल’चे वाटोळे. दिवाळीचे उटणेही ‘उद्वर्तन’च. तळहातावर वळलेली वात पाहिली, की धातूचा मूळ अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

ती शिक्षिका मसुदा घेऊन निघाली आणि दारातून परत वळून म्हणाली, “म्हणजे वृत्तपत्रातही दोन?” मी म्हटले, “दोनच. घडून गेले ते वृत्त.” शुद्धलेखन पाठ करायला लावण्यापेक्षा धातू दाखवावा, मग तकार मोजत बसावे लागत नाहीत.