चंद्रशिला : वाट छोटी, हवा विरळ

प्रश्न : कळसूबाई सहज होते. चोपताहून चंद्रशिला एका दिवसात जमेल का?

उत्तर : जमते, पण घाई नको. कळसूबाई 1646 मीटर, तर उत्तराखंडातले चोपताच सुमारे 2700 मीटरवर. तिथून तुंगनाथपर्यंत साडेतीनेक किलोमीटरची फरसबंद वाट आहे. मंदिर 3680 मीटरवर. खरी दमछाक होते ती त्यापुढच्या दीडेक किलोमीटरच्या उभ्या, खडकाळ पायवाटेवर. माथ्यावर, सुमारे 4000 मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के असतो. सह्याद्रीत कमावलेल्या मांड्या तिथे पुरत नाहीत, फुप्फुसांना सवय लागावी लागते.

म्हणून आदली रात्र चोपतालाच काढावी.

निघावे पहाटे. चौखंबा, नंदादेवी, त्रिशूळ सकाळीच स्वच्छ दिसतात; दुपारी बहुधा ढग चढतात. डोके ठणकू लागले, मळमळले, तर माथा हाकेवर असला तरी उतरावेच. हिवाळ्यात बर्फाने वाट निसरडी होते. तेव्हा बुटांना काटे बांधून, स्थानिक वाटाड्याबरोबरच जावे.